कार्डावरचा 'ओ'

हॉस्टेलवर रात्री साडेबारानंतर मेडिकल सायन्सला जो बहर येतो, तो मिरजेच्या मेडिकल कॉलेजातही येत नसेल! पुढ्यात सबमिशनच्या शीट्स पसरलेल्या असतात, चहाचे ग्लास तळाशी वाळलेले असतात आणि कुणीतरी मध्येच पिल्लू सोडतं, "तुला माहिताय का, डोळ्यावरच्या त्या पारदर्शक पडद्याला रक्तपुरवठाच नसतो. तो ऑक्सिजन थेट हवेतून घेतो!" झालं. एकदा ठिणगी पडली की शीट्स बाजूला. दुसरा सांगतो की नुकत्याच जन्मलेल्या बाळाला मोठ्या माणसापेक्षा जास्त हाडं असतात, पुढं ती एकमेकांना जुळत जुळत २०६ होतात. तिसरा सांगतो की यकृताचा मोठा तुकडा काढला तरी उरलेलं पुन्हा वाढतं. चौथा म्हणतो, रक्तातल्या तांबड्या पेशीला केंद्रकच नसतं, ती साधारण १२० दिवस जगते, आणि आपलं शरीर दर सेकंदाला अशा सुमारे वीस लाख नव्या पेशी तयार करतं. यावर आमचा प्रॉडक्शनवाला मित्र हळहळतो, "एवढं आउटपुट, तेही तीन शिफ्टमध्ये, आणि मेंटेनन्सला सुट्टी नाही!"

अशा गमती ऐकायला मजा येते, कारण त्या दुसऱ्या कुणाच्या तरी शरीराबद्दल असतात असं आपल्याला वाटतं. मी आज जी गंमत सांगणार आहे, ती मात्र आपल्याच मातीतली आहे. आणि तिचा संबंध तुमच्या-माझ्या गळ्यात लटकणाऱ्या आयकार्डाशी आहे. जरा कार्ड उलटं करून बघा. नाव, ब्रँच, पत्ता, आणि खाली ब्लड ग्रुप. माझ्या कार्डावर लिहिलंय 'ओ पॉझिटिव्ह'.

आता थोडी बारावीची उजळणी. ऑस्ट्रियाच्या कार्ल लँडस्टायनरनं १९०१ साली दाखवून दिलं की सगळ्या माणसांचं रक्त एकसारखं नसतं. त्याआधी एकाचं रक्त दुसऱ्याला देण्याचे प्रयोग व्हायचे, त्यात कुणी वाचायचं, कुणी मरायचं, आणि का ते कुणालाच कळत नव्हतं. लँडस्टायनरनं आधी तीन गट शोधले. चौथा, म्हणजे 'एबी', पुढच्याच वर्षी इतरांना सापडला. १९३० साली त्याला नोबेल मिळालं. तेव्हापासून ए, बी, एबी आणि ओ हे चार गट म्हणजे चार दिशांसारखे पक्के झाले. त्यात पुन्हा आरएच पॉझिटिव्ह, निगेटिव्ह धरून एकूण आठ. कुठलाही फॉर्म भरा, याच आठांतून एक निवडायचा. आणि परीक्षेत हमखास येणारं वाक्य : ओ गटाचं रक्त कुणालाही चालतं.

हे वाक्य खोटं आहे, हे जगाला पहिल्यांदा कळलं ते आपल्या मुंबईत, परळच्या केईएम हॉस्पिटलात. साल १९५२. काही मोजक्या माणसांचं रक्त तपासलं तर ते ओ गटासारखं दिसत होतं, ना ए, ना बी. पण ओ गटाचं रक्त त्यांच्या रक्ताशी जुळवून पाहिलं की पेशींचे लगेच पुंजके व्हायचे. ओ चालेना, ए चालेना, बी तर नाहीच. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. लंडनच्या शास्त्रज्ञांच्या साथीनं लिहिलेला त्यांचा लेख त्याच वर्षी 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सापडलेल्या गटाला शहराचं नाव मिळालं : बॉम्बे ब्लड ग्रुप. पुढं १९९५ साली बॉम्बेचं मुंबई झालं, पाट्या बदलल्या, स्टेशनांची नावं बदलली, पण हा रक्तगट अजून बॉम्बेच आहे. त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही बहुतेक!

हा प्रकार नेमका काय, ते मला सिव्हिलच्या भाषेत सांगितलं की पटकन कळलं, म्हणून तसंच सांगतो. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंची छोटी छोटी बांधकामं असतात. त्यातली प्लिंथ म्हणजे 'एच' नावाचा पदार्थ. ज्याच्याकडे ए चं जनुक असतं, त्याच्या प्लिंथवर एका प्रकारच्या साखरेचा मजला चढतो, तो ए गट. बी वाल्याच्या प्लिंथवर वेगळ्या साखरेचा मजला चढतो. एबी वाल्याकडे दोन्ही प्रकारचे मजले. आणि ओ वाल्याकडे मजलाच नाही, नुसती प्लिंथ मोकळी. म्हणजे ओ म्हणजे 'काहीच नाही' असं नव्हे. ओ वाल्याकडे एच तर भरपूर असतं. बॉम्बे गटाच्या माणसाकडे ही प्लिंथच नसते! पेशी पूर्ण सपाट. मग त्याच्या शरीराला ए परका, बी परका, आणि ज्या एच ला आपण सगळे घरचा समजतो, तोही परका. त्याच्या रक्तद्रवात या तिघांच्याही विरुद्धच्या अँटिबॉडीज आधीपासूनच तयार असतात. ओ गटाची पिशवी लावली की शरीर ती शत्रू समजून फोडायला लागतं. ताप, थंडी, किडनी निकामी, आणि वेळेवर लक्षात आलं नाही तर मृत्यू. अशा माणसाला फक्त बॉम्बे गटाच्याच माणसाचं रक्त चालतं.

आणि हे एरवी कळत का नाही? कारण नेहमीच्या झटपट तपासणीत काचपट्टीवर रक्ताचे थेंब ठेवतात, एकावर निळं अँटी-ए टाकतात, दुसऱ्यावर पिवळं अँटी-बी. गुठळी झाली नाही, की लिहितात 'ओ'. प्लिंथ आहे की नाही, हे तिथं कुणी विचारतच नाही. कार्डापुरतं ते चालून जातं. पण रक्तपेढीत उलटी तपासणीही करतात, म्हणजे तुमचा रक्तद्रव ओळखीच्या पेशींवर टाकून बघतात. त्यात ओ च्या पेशी असल्या की बॉम्बेवाला लगेच पकडला जातो. नंतर खात्रीसाठी अँटी-एच वापरतात. हे अँटी-एच बऱ्याचदा युलेक्स नावाच्या पिवळ्या फुलांच्या, काटेरी झुडपाच्या बियांपासून मिळवलेलं असतं. माणसाच्या रक्ताचं गुपित झुडपाच्या बीला ठाऊक असतं, ही गोष्ट रात्री साडेबाराला सांगायला एकदम फर्स्टक्लास आहे!

पण मला ही सगळी माहिती हॉस्टेलच्या गप्पांतून मिळालेली नाही. ती मिळाली माझ्या ताईमुळे.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, कोरेगाव तालुक्यातलं. ताई दिली तासगावकडे. म्हणजे माहेर सातारा, सासर सांगली, आणि मी मध्ये हॉस्टेलला, दोन्हीकडचे डबे खायला मोकळा. गेल्या वर्षी ताईला सातवा महिना होता. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात, तशी ती गावी यायची ठरलेली. पण सोनोग्राफीत 'वार खाली आहे' असं निघालं. अशा बाळंतपणात रक्तस्राव जास्त होऊ शकतो. त्यात तिचं हिमोग्लोबिन नऊच्या आसपास. डॉक्टर म्हणाले, मिरजेला नाव घाला आणि रक्ताची सोय आधी करून ठेवा.

मिरजेबद्दल आपल्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. डॉ. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली इथं हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून लांबलांबचे पेशंट रेल्वेनं मिरजेला उतरतात. १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं. विश्रामबागहून मिरजेला जाताना लागणारी वॉनलेसवाडी त्याच डॉक्टरांच्या नावाची. मी तीन वर्षं त्या रस्त्यानं सिक्स-सीटरमधून सिनेमाला जात होतो, गेल्या वर्षी पहिल्यांदा हॉस्पिटलला गेलो.

रक्ताची सोय म्हणजे आम्हाला काय मोठं वाटलं नाही. ताईच्या जुन्या रिपोर्टवर 'ओ पॉझिटिव्ह'. दाजी ओ, वडील ओ, मी ओ. आमच्या घरात ओ ची रांगच लागलेली. दाजी रुबाबात म्हणाले, "पाहिजे तेवढ्या बाटल्या काढा." रक्तपेढीत ताईचा नमुना ओ च्या पिशवीशी जुळवून बघितला. जुळला नाही. दुसरी पिशवी. नाही. पाचही पिशव्या नाही. तिथल्या टेक्निशियन सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "यांचे आई-वडील नात्यातले आहेत का?"

आता रक्ताच्या थेंबावरून त्यांना आमच्या घरातली सोयरीक कशी कळली, याचंच आम्हाला आश्चर्य! आमची आई ही वडिलांच्या मामाची मुलगी. आजीला आई अजून 'आत्या' म्हणते, सासूबाई म्हणत नाही. आपल्या सातारा-सांगलीकडे हे इतकं सर्रास चालतं, की आत्याच्या घरी सून म्हणून जाणं हे निम्म्या गावाला सरळ वाटतं. सरांनी मग कागदावर चौकोन काढून समजावलं. एच तयार करणारं जनुक १९ व्या गुणसूत्रावर असतं (ए-बी-ओ चं ९ व्या वर), आणि त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक प्रत नीट असली तरी काम भागतं. दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या तरच माणूस बॉम्बे. आई-वडील नात्यातले असले की एकाच पणजोबाकडून किंवा पणजीकडून आलेली बिघडलेली प्रत दोघांकडेही असण्याची शक्यता वाढते. दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असेल, तर प्रत्येक मुलाला बॉम्बे गट मिळण्याची शक्यता चारात एक.

एक गोष्ट इथं स्पष्ट केलेली बरी. हा आजार नाही. बॉम्बे गटाची माणसं तुमच्या-आमच्यासारखीच धडधाकट असतात, ऊस तोडतात, पोरं शिकवतात, सबमिशनं उशिरा करतात. त्यांना रक्त लागेपर्यंत सगळं सुरळीत असतं.

चारात एक! इंजिनिअरिंगच्या माणसाला हा आकडा ऐकून गप्प बसवत नाही. "माझंही बघा," मी म्हटलं. पुन्हा सुई, पुन्हा काचपट्टी, पुन्हा ते झुडपाच्या बियांचं अँटी-एच. माझ्या रक्तात गुठळी झाली नाही.

तर मित्रांनो, माझ्या कार्डावर जो 'ओ' आहे, तो ओ नाहीये. मी बॉम्बे आहे.

पहिल्यांदा मला काय वाटलं असेल? भीती वगैरे नंतर. आधी आनंद झाला! म्हटलं, सुटलो, ताईचा प्रश्न मिटला. सख्खा भाऊ, तोच गट, आरएचही तेच, वय वीस, यापेक्षा चांगलं काय पाहिजे? आईनं तर तिथंच हात जोडले. पण डॉक्टर म्हणाले, "तुझं रक्त ताईला नको. निदान पहिल्या पसंतीला तरी नको."

सगळ्या गमतीत मला अजूनही न पचलेली गंमत ही. सिनेमात भाऊ कॉटवर, बहीण शेजारच्या कॉटवर, मधून लाल नळी, आणि मागं गाणं. प्रत्यक्षात जवळच्या नातेवाइकाचं रक्त डॉक्टर शक्यतो टाळतात. कारण असं, की पिशवीत तांबड्या पेशींबरोबर दात्याच्या थोड्या पांढऱ्या पेशीही जातात. परक्या माणसाच्या पांढऱ्या पेशी आपलं शरीर ओळखतं आणि संपवून टाकतं. पण सख्ख्या भावाच्या पेशी इतक्या सारख्या असू शकतात, की शरीर त्यांना परकं मानतच नाही. त्या आत राहतात, वाढतात आणि उलट यजमानावरच हल्ला करतात. असं क्वचित होतं, पण झालं तर पेशंट बहुतेक वाचत नाही. पिशवीवर ठरावीक प्रमाणात किरणांचा मारा करून या पेशी निकामी करता येतात, पण ते मशिन प्रत्येक गावात नसतं. दाजींचंही रक्त दिलं नसतं, गट जुळला असता तरी. मूल व्हायच्या वयातल्या बाईला नवऱ्याचं रक्त देणं टाळतात, कारण त्यातून तयार झालेल्या अँटिबॉडीज पुढच्या बाळाला त्रास देऊ शकतात. म्हणजे बघा, आपण 'रक्ताचं नातं, रक्ताचं नातं' म्हणतो, आणि रक्तपेढी म्हणते, नात्यातलं नको, परकं आणा!

ताईचंच रक्त आधी काढून तिच्यासाठी ठेवायचा एक मार्ग असतो. पण नऊ हिमोग्लोबिनवर तो बंद होता. मग फोनाफोनी सुरू झाली. या गटाच्या लोकांच्या याद्या असतात, ते एकमेकांना धरून असतात. दोन दाते मिळाले. एक कोल्हापूरकडचे, वडापची जीप चालवणारे. दुसरे चिपळूणजवळचे शाळामास्तर. ते पहाटे कुंभार्ली घाट चढून कराडमार्गे दुपारपर्यंत मिरजेत पोचले. वडिलांनी त्यांच्या हातात गाडीखर्चाचं पाकीट ठेवलं, तर मास्तर हसले. म्हणाले, "आम्हा लोकांत पैसे देत-घेत नाहीत. उद्या मला लागलं तर तुमचा मुलगा येईलच की."

मीही त्याच दिवशी रक्त दिलं. माझं वजन एक्कावन्न किलो, त्यामुळे ४५० मिलीच्या पिशवीला मी पात्र नाही, ३५० वाल्यात बसतो. (मेसच्या कंत्राटदारांनी याची नोंद घ्यावी.) माझी पिशवी ताईसाठी अगदीच काही नसलं तर, म्हणून राखीव ठेवली होती. ती लागली नाही. नंतर दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका पेशंटसाठी ती पाठवली, एवढंच मला कळलं. कोण, बाई की बुवा, वाचले की नाही, काही माहीत नाही. माझ्या ताईला जीपवाल्या काकांचं आणि मास्तरांचं रक्त चढलं, आणि माझं रक्त त्यांच्यासारख्याच कुणा अनोळखी माणसाकडे गेलं. आईला हा हिशेब फार आवडला. ती म्हणते, पूर्वी गावात पैरा करायचे, तुझ्या रानात आज आम्ही, आमच्या रानात उद्या तुम्ही, तसंच झालं हे.

ताईला मुलगी झाली. सिझर करावं लागलं, रक्त बरंच गेलं, दोन्ही पिशव्या लागल्या, पण मायलेकी सुखरूप. मुलीला थोडी कावीळ होती म्हणून दोन दिवस निळ्या उजेडाखाली ठेवलं. आणि तिचा रक्तगट निघाला, ए पॉझिटिव्ह.

जरा थांबा. ताईच्या जुन्या रिपोर्टवर ओ. दाजी ओ. आणि मुलगी ए? बारावीच्या पुस्तकाप्रमाणे हे होऊच शकत नाही! पण आमची आई ए गटाची. तिचं ए चं जनुक ताईकडे आलेलं होतं. फक्त प्लिंथ नसल्यामुळे त्याचा मजला चढला नव्हता. साइटवर विटा, वाळू, सिमेंट पडून, आणि पाया नाही म्हणून बांधकाम बंद. मुलीला दाजींकडून एच ची नीट प्रत मिळाली, पाया घातला गेला आणि आजीचा ए एक पिढी सोडून वर आला.

आम्हाला हे आधीच माहीत होतं म्हणून आम्ही हसलो. पण कल्पना करा, ताईचा बॉम्बे गट कुणालाच ठाऊक नसता तर? बाळंतपण सरळ झालं असतं, रक्त लागलं नसतं, आणि चार-पाच वर्षांनी शाळेच्या फॉर्मवर गट लिहिताना कुणीतरी शहाणा म्हणाला असता, "ओ आणि ओ च्या पोटी ए कसा?" अर्धवट विज्ञानानं एका बाईच्या संसारात काय आग लावली असती! आणि ताईकडे उत्तर काय असतं? मला तर रक्त न मिळण्याइतकीच या गोष्टीची धास्ती वाटते. आपण बारावी पास झालेली माणसं आहोत, बाजूला बसलेल्याच्या घरातला असा हिशेब करायला आपल्याला फार वेळ लागत नाही. म्हणून नियम शिकताना त्याचा अपवादही शिकून घ्यावा.

आता थोडं गणित, नाहीतर हा लेख इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात शोभायचा नाही. युरोपात हा गट साधारण दहा लाखांत एकाला असतो. भारतात सुमारे दहा हजारांत एक. मुंबईतल्या एका जुन्या पाहणीत तर ७,६०० मध्ये एक निघाला होता. १९८८ साली देशातल्या १७९ बॉम्बे गटाच्या माणसांची नोंद प्रसिद्ध झाली, त्यातली ११२ एकट्या महाराष्ट्रातली. आता २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाखांच्या वर, साताऱ्याची ३० लाख. बेरीज ५८ लाख. दहा हजारानं भागा. दोन जिल्ह्यांत मिळून साधारण ५८० माणसं! त्यातल्या अनेकांच्या पाकिटात माझ्यासारखंच 'ओ' लिहिलेलं कार्ड असणार. आपल्यासारख्या अडीच हजार पोरांच्या कॉलेजात एक बॉम्बेवाला सापडायची शक्यता चारात एक. या वर्षी तो मी सापडलो आहे, म्हणून गाफील राहू नका; संभाव्यतेला मेमरी नसते, हे आपल्याला एम-थ्रीच्या सरांनी घसा फोडून सांगितलंय.

आणखी एक हिशेब. तांबड्या पेशींची पिशवी फ्रिजमध्ये, आत कुठला द्रव घातलाय त्याप्रमाणे, ३५ ते ४२ दिवस टिकते. पुरुषाला एकदा रक्त दिलं की पुन्हा ९० दिवस देता येत नाही. म्हणजे एका भागात बॉम्बे गटाची फक्त एक पिशवी कायम तयार ठेवायची, तर किमान तीन दाते आलटून पालटून लागतात. तेही कुणी आजारी न पडता, कुणाची परीक्षा न येता! बाळंतपणाला एक पिशवी पुरत नाही, हे आपण वर पाहिलंच. मोठ्या केंद्रांत उणे ८० अंशाला गोठवून अनेक वर्षं रक्त ठेवता येतं, पण ती सोय सगळीकडे नाही. त्यामुळे अजूनही ही व्यवस्था माणसांच्या पायांवर आणि गाड्यांच्या चाकांवर चालते. २०१६ साली मुंबईतल्या चार दात्यांचं रक्त बांगलादेशातल्या एका अपघातग्रस्त तरुणासाठी गेलं. २०२४ च्या मे महिन्यात शिर्डीचा एक फूलविक्रेता एका अनोळखी बाईला रक्त द्यायला गाडीनं थेट इंदूरला गेला. पेपरात वाचताना आपण 'वा!' म्हणतो आणि पान उलटतो. मी हल्ली पान उलटत नाही, कारण पुढचा फोन मला येऊ शकतो. उलट दिशेनंही.

म्हणून आता कामाचं बोलतो.

एक. ज्यांच्या कार्डावर 'ओ' आहे, त्यांनी एकदा रक्तपेढीत रीतसर तपासणी करून घ्यावी. त्याला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे रक्तदान. आपल्या एनएसएसच्या शिबिरात बिस्किटं आणि सर्टिफिकेटसाठी जाता तसंच जा, पण नंतर आपला गट नीट विचारून घ्या. वय १८ पूर्ण, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा असलं की झालं. आई-वडील नात्यातले असतील तर जरा आवर्जून जा.

दोन. घरात एखादा बॉम्बे गटाचा निघाला, तर सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करा. चारात एक हा आकडा लक्षात ठेवा.

तीन, कॉम्प्युटर ब्रँचसाठी. मध्यंतरी मी एक ऑनलाइन फॉर्म भरत होतो. ब्लड ग्रुपच्या रकान्यात आठच पर्याय. बॉम्बे नाही, 'इतर' नाही, आणि तो रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही. शेवटी नाइलाजानं 'ओ पॉझिटिव्ह' निवडावं लागलं. उद्या तुम्ही नोकरीला लागाल, असले फॉर्म तुम्हीच बनवणार आहात. त्या यादीत एक ओळ वाढवायला दोन मिनिटं लागतात.

आणि चौथी गोष्ट तुम्हा सगळ्यांसाठी, खास करून माझ्या रूम पार्टनरसाठी, मागच्या बाकावरच्यांसाठी आणि वॉर्डन सरांसाठी. मी सांगली-मिरज रस्त्यानं आठवड्यातून चारदा ये-जा करतो, आणि त्या रस्त्यावरचं ट्रॅफिक तुम्हाला माहीत आहे. कधी मला काही झालं आणि मी बोलायच्या स्थितीत नसलो, तर तुमच्यातले दहा जण धावत येऊन 'आमचं ओ आहे, काढा' म्हणणार, याची मला खात्री आहे. तुम्ही तसे आहातच. पण तेवढं करू नका. आयकार्डाच्या मागच्या बाजूला मी लाल शाईनं 'बॉम्बे' लिहून वर सेलोटेप लावलाय, त्याखाली मिरजेच्या रक्तपेढीचा नंबर आहे. तो डॉक्टरांना दाखवा. रक्त येईपर्यंत सलाईनवर काय ते ते बघतील. तोवर तुमच्यातल्या दोघांनी माझ्या मोबाइलमधून 'चिपळूण मास्तर' आणि 'वडाप काका' या नावांना फोन लावायचा. दोघांनीही सांगून ठेवलंय, रात्री कितीही वाजता करा.